आवाज करणारं इंजिन

धान कापणीला आला की शहापूरच्या शिवारात एक वास सुटतो. ओलसर तणीस, विळ्याखाली चिरडलेलं धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत, दुपारच्या उन्हात तापलेल्या लोंब्या. हा वास सगळ्यांनाच येतो. मला त्याच्यासोबत दुसराही येतो, जळलेल्या एरंडेलाचा. आसपास कुठे एरंडेल जळत नसतं. हायवेवर ट्रकांचा धूर असतो, पण तो वेगळा. माझ्या नाकाने हे दोन वास एका हंगामात एकत्र बांधले आणि ती गाठ पुढे कधी सुटली नाही. मीही सोडवायला गेले नाही.

मी याद्या करणारी बाई आहे. यंदाच्या कापणीची कालच केली. विळ्यांचे दाते कोरून आणणे. ताडपत्रीचं फाटलेलं टोक शिवणे. पोती उन्हात घालणे. बायांना निरोप. लोक माझ्या याद्यांना हसतात. हसोत. अवकाळी पाऊस आला की ज्यांच्या ताडपत्र्या गळतात तेच जास्त हसतात, असं माझं निरीक्षण आहे. पण काल यादी संपली तरी पेन थांबलं नाही. खाली चार शब्द आपोआप उतरले: वजन, इंधन, सुटे भाग, आवाज. कापणीशी त्यांचा काही संबंध नाही. त्या हंगामाशी आहे.

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. एसटीने जायचे, एसटीने यायचे. मधुकर, माझा नवरा, वरठीच्या कारखान्यात फिटर. तो मोटरसायकलने जायचा आणि डोक्याला रुमाल बांधून, अंगाला लोखंडाचा वास घेऊन परतायचा. घरात सासूबाई. सासरे आमच्या लग्नाआधीच गेलेले. गावाच्या कडेला धानाच्या थोड्या बांध्या, बांध घालून पाडलेले शेताचे लहान तुकडे. आणि लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नाही. हे एकदाच लिहून टाकते. नागपूरला दोघांच्या तपासण्या झाल्या, दोघांचे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. आम्ही पाहिली, आणि मग एक दिवस पाहणं सोडून दिलं. आमच्या घरात नवस-उपवास नव्हते. सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच ते उंबऱ्याबाहेर गेले होते. त्यामुळे आम्हाला सुचवायला गावाकडे फारसं काही उरलं नव्हतं. तरी गाव सुचवत होतंच.

मधुकर हाताने छोटी विमानं बनवून उडवायचा. त्यावर गावाने साधं गणित मांडलं होतं: मूल नाही म्हणून खेळणं. गणित चुकीचं होतं. मधुकर आयटीआयमध्ये होता तेव्हापासून विमानं बनवत होता. आधीची सगळी दोरीवरची, हातातल्या तारांना बांधून आपल्याभोवती गोल फिरवायची. आता पहिल्यांदाच रेडिओवर चालणारं, मोकळं उडणारं, आणि तेही कसरती करणारं. रेडिओचा संच नागपूरच्या एका हौशी डॉक्टरांचा वापरून झालेला, त्यांनी आम्हाला दिलेला. पंखाच्या फासळ्या बाल्साच्या, जिथे बाल्सा पुरला नाही तिथे आपल्याकडच्या सावरीच्या हलक्या लाकडाच्या. साध्या विमानाचा पंख वरून फुगीर आणि खालून सपाट असतो. कसरतीच्या विमानाचा दोन्हीकडून सारखाच फुगीर. त्याला उलटं काय आणि सुलटं काय, दोन्ही एकच. पोटावर उडतं तसंच पाठीवर उडतं. मला हे विमान आवडलं ते या कारणासाठी. जगाने ज्याला उलटं म्हटलं त्या स्थितीतही ते पडत नाही.

पण त्यासाठी इंजिन तसं हवं. मधुकरकडे होतं ते कलकत्त्याहून आणलेलं जुनं डिझेल जातीचं. इथर, रॉकेल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चालणारं. दोरीच्या विमानाला ते छान होतं, कारण तिथे इंजिन एकदा सुरू केलं की टाकी संपेपर्यंत एकाच वेगात पळायचं. कसरतीला मात्र वेग क्षणात वाढायला हवा, क्षणात उतरायला हवा, आणि विमान उलटं झालं तरी धाप लागायला नको.

माझा दादा मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला होता. दिवाळीच्या सुमारास त्याचं पत्र आलं. जहाज जपानच्या बंदरात थांबणार होतं, त्या बाजूची त्याची ही शेवटची फेरी होती, आणि पौषात तो सुट्टीवर घरी येणार होता. 'एक इंजिन आणू शकतो,' त्याने लिहिलं होतं. 'कोणतं ते उलट टपाली कळवा. तिथे उभं राहून मला तुमच्यासाठी निवडता येणार नाही.'

एकच इंजिन, आणि निवडायची संधीही एकच. मधुकर पत्र वाचून अंगणात नुसता फेऱ्या मारत राहिला. मी कागद घेतला आणि रेघा आखल्या.

रविवारी आम्ही नागपूरच्या त्या डॉक्टरांकडे गेलो. या इंजिनांचे आकार 'चाळीस', 'साठ' असे सांगतात. चाळीस म्हणजे साडेसहा सीसीच्या आसपास, साठ म्हणजे दहा. डॉक्टरांनी पहिलं वाक्यच हे टाकलं, "साठ घे मधुकर. डोळे मिटून साठ. ताकद कधी कमी पडू नये."

मी म्हटलं, "आपलं विमान चाळीसच्या मापाचं आहे. साठ लावलं तर नाक जड होईल. मग शेपटीत शिसं भरायचं. म्हणजे शिसं उडवायला जास्तीची ताकद घ्यायची का?"

डॉक्टर हसले. "वहिनी फार हिशेबी आहेत रे तुझ्या!"

"हो," मी म्हटलं. "घरात कोणीतरी पाहिजे ना." आणि त्यांनी पुढे केलेला चहा घेतला. चहा चांगला होता. माणूसही चांगला होता. नंतर त्यांनीच त्यांच्याकडची दोन्ही जातींची इंजिनं काढून टेबलावर ठेवली, टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक, आणि मला ती हातात घेऊन तोलू दिली.

इंजिन कसं निवडावं याबद्दल माझं मत तेव्हा बनलं ते आजही तेच आहे. लोक इच्छेपासून सुरुवात करतात. सुरुवात जमिनीपासून करावी. उडवणार कुठे? आमच्याकडे गावाबाहेरचं आखर होतं, जिथे सकाळी गावची गुरं जमतात आणि गुराखी त्यांना चारायला नेतो. खुरांनी तुडवून ती जमीन फळीसारखी सपाट आणि कडक झालेली. गुरं गेली की दुपारपर्यंत ती कोणाचीच नसते. मग इंधन: भंडाऱ्यात काय मिळेल, नागपूरहून काय आणावं लागेल. मग सुटे भाग: मोडलं तर कोण दुरुस्त करील. जपानचं इंजिन मोडलं म्हणून जपानला कोण जाणार? जे मधुकर स्वतःच्या हाताने खोलून पुन्हा बसवू शकेल तेच इंजिन आपलं. जावई निवडतानाही माणसं याच क्रमाने गेली तर बरं होईल, पण तो या लेखाचा विषय नाही.

या सगळ्या इंजिनांना एक गोष्ट मात्र सारखीच लागते, ती म्हणजे एरंडेल. वंगण म्हणून. मिथेनॉलवर चालणारं ग्लो जातीचं नवं इंजिन आलं तरी त्यातही चौथा-पाचवा हिस्सा एरंडेलाचाच. पिस्टन कितीही तापला तरी हे तेल त्याला सोडत नाही. एक गोष्ट इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण तेव्हा तेही बोललं गेलं होतं: कॉलेजच्या प्रयोगशाळेतला एक थेंबही कधी माझ्या घरी आला नाही. मिथेनॉल नागपूरच्या रसायनांच्या दुकानातून यायचं. एरंडेल भंडाऱ्याच्या औषधांच्या दुकानातून. तिथला दुकानदार पहिल्यांदा म्हणाला होता, "ताई, एवढं? घरात कोणाचं पोट बिघडलं?" मी म्हटलं, "सगळ्या गावाचं." त्याने मुकाट्याने डबा बांधून दिला.

नवं इंजिन यायचं होतं, पण तोवर इंधनाची तयारी करून ठेवावी असं मी ठरवलं. गावात घरोघरी एरंडीच्या बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळून तेल काढतात. ते चालतं का पाहावं म्हणून मी शेजारच्या कौसाबाईंकडे गेले. कौसाबाई आणि सासूबाई एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. दोघींची मैत्री आणि दोघींचं भांडण एकाच पट्टीत चालायचं, बाहेरच्या माणसाला फरक कळायचा नाही.

"मावशी, घरचं एरंडेल हाय का? जरा जास्तच लागंल."

कौसाबाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं माझ्या मागे कोणीतरी पाहुणा येऊन उभा आहे.

"लागंलच ना व! लागनारच. देतो ना. कधी सांगाचं नाई का मले आधी?"

त्यांनी मोठी बाटली भरून दिली. त्या तेलात पाण्याचा अंश होता, इंजिनाला ते चालण्यासारखं नव्हतं. मी बाटली फळीवर ठेवली, तसं यादीत टिपलं आणि विषय संपला. माझ्यापुरता.

आमच्याकडे एरंडेल म्हणजे बाळंतिणीचं घर. दिवस भरले की द्यायचं. बाळाची टाळू त्याने भरायची, पोट फुगलं तर बेंबीभोवती तेच चोळायचं. लग्नाला इतकी वर्षं झालेली सून मोठी बाटली मागते, भंडाऱ्याहून डबा आणते, यातून गावाने जे काढायचं ते काढलं. तोंडावर कोणी विचारलं नाही. पहिले महिने बोलून दाखवायचे नसतात, नजर लागते, असा आमच्याकडचा रिवाज. नवस गेले तरी नजर शिल्लक होती.

त्या आठवड्यात लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाची कापणी लागली. रविवारी मीही विळा घेऊन बांधीत उतरले. दरवर्षी उतरायचे. पण यंदा काहीतरी वेगळंच चाललं होतं. मी कापलेले कडपे गोळा करून भारा बांधायला वाकले की कोणीतरी येऊन तो ओढून न्यायचं. "राहू द्या ना बाई, आमी हाओ ना." दुपारी मला पळसाच्या सावलीतली जागा. जेवायला बसलो तर कौसाबाईंनी अंबाडीची आंबट भाजी माझ्यापुढे सरकवली, वर आवळे. मला वाटलं, नोकरीवाली बाई रविवारी शेतात राबते याचं कौतुक चाललंय. मी सुखाने आवळे खाल्ले. घरी सासूबाई झिंग्यांची भाजी माझ्याच ताटात जास्त वाढत होत्या. जुन्या मऊ लुगड्याचे तुकडे काढून काहीतरी लहानसं शिवत बसायच्या. मी खोलीत गेले की ते पदराखाली घ्यायच्या.

पुढच्या रविवारी फुटलं. धुऱ्यावर भाकरी सोडून बसलो होतो. कौसाबाईंना राहवलं नाही.

"पोट दिसत नाई व तुझं अजून. काही काहीचं नाईच दिसत म्हना. माझ्या मोठीचं सातव्यापर्यंत नव्हतं दिसलं."

मला समजायला एक घास लागला. मग आवळे, सावली, बाटली, पदराखालचं शिवणकाम, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या भाकरीकडे पाहत होत्या, पण त्यांचे कान माझ्याकडे होते.

अशा वेळी हसून वेळ मारून नेता येते. ‘पाहू पुढे’ म्हणता येतं. मी तसं केलं नाही. अर्धवट आशा हे जगातलं सर्वांत वाईट इंधन आहे. सुरू होतं, धूर देतं, आणि भर उड्डाणात दगा देतं.

"मावशी, मले दिवस गेले नाहीत," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तेल विमानाच्या इंजिनाले लागते. म्हणून मागितलं."

मग कौसाबाईंनी विचारलं, अगदी मनापासून, "इमानाले एरंडी? त्याचंबी पोट साफ करा लागते का व?"

बायांचं हसू फुटलं ते थांबेना. मीही हसले, कारण ते वाक्य खरोखर चांगलं होतं. हसल्या नाहीत त्या एकट्या सासूबाई. त्यांनी भाकरी फडक्यात गुंडाळली, विळा उचलला आणि आपल्या पातीत जाऊन कापायला लागल्या. वाकलेल्या पाठीनेच त्यांनी दिवस संपवला.

ते लहानसं दुपटं पुढे कौसाबाईंच्या नातीला गेलं. मीच नेऊन दिलं. चांगली वस्तू पेटीत कुजत ठेवू नये. पण त्या संध्याकाळी ते चुलीजवळ उघडं पडलं होतं, अर्धं शिवलेलं, आणि सासूबाई मधुकरला म्हणत होत्या, "तुया बायकोले मी काई म्हनत नाई. ते खरं बोलली. पन लोक मलेच हासून रायले, बाबू. आता गावात तोंड कसं दाखवू मी? उडवाचं असंन तं असं उडव का कोनाले दिसनार नाई, कोनाले आयकू येनार नाई."

आईवर मधुकरचा जीव होता. जीव असलेली माणसं अशा वेळी भलतेच मार्ग शोधतात.

दुसऱ्या दिवशी तो वरठीहून आला तो मार्ग घेऊनच. मी अंगणात तांदूळ पाखडत होते. तो समोर उकिडवा बसला.

"फोर-स्ट्रोक घेऊ," तो म्हणाला. "साठचं. ताकद आपल्या चाळीसच्या टू-स्ट्रोकएवढीच देते. पन आवाज पाय, टू-स्ट्रोक किंचाळते, हे घुमते. दूर मोटरसायकल जाऊन रायली असं वाटते. तलावाच्या पलीकडे, झुंजूमुंजू असताना उडवून घेऊ. कोनाले समजनार नाई. मायलेबी तरास नाई."

न्यायाने बोलायचं तर फोर-स्ट्रोक फार देखणं इंजिन असतं. डॉक्टरांच्या टेबलावर मी ते हातात घेतलं होतं. वरच्या बाजूला बारीक व्हॉल्व्ह, बाजूने दोन नळ्या, एखाद्या मोठ्या यंत्राचं पिल्लू. ते विमानाच्या नाकावरचा मोठा पंखा हळू फिरवतं, इंधन कमी पितं. माझ्या कागदावर त्याच्या बाजूने दोन चांगल्या गोष्टी होत्याच. विरुद्ध बाजूला ते जड होतं, व्हॉल्व्हची फट वारंवार मोजून लावावी लागणार होती, आणि त्या नळ्यांमधली, व्हॉल्व्ह उचलणारी एक काडी वाकली तर शहापूरपासून नागपूरपर्यंत दुसरी मिळणार नव्हती. हे सगळं मधुकरलाही माहीत होतं. तो माझ्यापेक्षा चांगला फिटर होता. तरी त्याने 'आवाज' या एकाच रकान्यावर बोट ठेवलं होतं, आणि तो रकाना मीच आखला होता.

"म्हणजे तुम्ही इंजिन नाही निवडत," मी म्हटलं. "आडोसा निवडता."

"तसं नाई व."

"मग कसं? आपण कोनाचं काय चोरलं? काहून झुंजूमुंजूचं जायचं? काहून तलावाआड?"

"मायले लोक बोलून रायले. तुले दिसत नाई?"

"दिसते. आणि उद्या कळलं ना, का इचा पोरगा चोरासारखा अंधारात तलावावर जाते, तं याच्या दुप्पट बोलतील. लपवलं का लोकायले वाटते, लपवण्यासारखं काही हाय."

मधुकर सुपातून उडणारा कोंडा पाहत राहिला. मी हात थांबवला नाही. हात चालू असले की मला बोलायला सोपं जातं.

"हे पाहा," मी म्हटलं, "आपल्याले मूल नाही. ते आपण लपवलं का कधी? कोणी विचारलं तं सांगितलं, नाही. मान खाली घालून सांगितलं का? मग जे हाय ते कायले लपवायचं? जे नाही ते उजेडात आणि जे हाय ते अंधारात, हा कोणता हिशेब?"

त्याने सांडलेले दाणे वेचून सुपात टाकले. मग म्हणाला, "टू-स्ट्रोक फार वरडते पन."

"वरडू द्या."

पत्र मीच लिहिलं. टू-स्ट्रोक, चाळीस, बॉल बेअरिंगचं, इंधन पेटवणारे ग्लो प्लग जास्तीचे. लिहून झाल्यावर मधुकरने हळूच विचारलं, सायलेन्सर काढून टाकायचा का मग? मी म्हटलं, मुळीच नाही. सायलेन्सरमधल्या दाबाने टाकीतलं इंधन नेटाने पुढे येतं आणि विमान उलटं झालं तरी इंजिनाला घोट मिळत राहतो. ठाम असणं वेगळं, मूर्ख असणं वेगळं.

आणखी एक नियम मी तेव्हाच करून टाकला. ज्या दिवशी गावात कुठेही मळणी चालू असेल, बैल खळ्यात फिरत असतील, त्या दिवशी इंजिन सुरू करायचं नाही. आवाज करायचा हक्क आपला, पण बुजून पाय मोडलेला बैल दुसऱ्याचा. हा नियम आम्ही शेवटपर्यंत पाळला. गावाला आम्ही कधी घाबरलो नाही, याचा अर्थ गावाची आम्हाला पर्वा नव्हती असा नाही. हे दोन्ही एकत्र राहू शकतं. लोकांना ते फार उशिरा कळतं.

आता वय झाल्यावर बोलण्याची तऱ्हा बदलली आहे. आता कोणी टोमणा मारत नाही, कीव करतात. लग्नसमारंभात एखादी नातेवाईक माझा हात हातात घेऊन म्हणते, "बरं झालं बाई, तुम्ही दोघांनी मन रमवलं कशात तरी." मला टोमणा परवडायचा. टोमण्याला उत्तर देता येतं. मी हात सोडवून घेते आणि सांगते, मन रमवायला नव्हतं ते. आम्ही विमान उडवत होतो, कारण आम्हाला विमान उडवायचं होतं. रिकाम्या जागेत ठेवायला आणलेली ती वस्तू नव्हती. आमच्या घरात रिकामी जागा नव्हतीच. पंख खाटेखाली, धड माळ्यावर, पंखे खुंटीला. तिला पटत नाही. न पटो.

पौषात दादा आला. लोकरीच्या बनियनमध्ये गुंडाळलेलं इंजिन त्याने पेटीतून काढून मधुकरच्या तळहातावर ठेवलं. मुठीएवढं. चकचकीत. थंड. मधुकरने पंखा लावण्याच्या दांड्यावर बोट ठेवून ते हलकेच फिरवलं. आतून 'फुस्स' असा एक श्वास आला. त्याच्या तोंडावर तेव्हा जे होतं त्याला मी आजपर्यंत नाव दिलेलं नाही.

नवं इंजिन आधी जमिनीवर, भरपूर इंधन पाजून, हळूहळू सरावाला लावावं लागतं. अंगणात फळीवर ते आवळून बसवलं, मी इंधन कमी-जास्त करणारी सुई थोडी जास्तच उघडी ठेवली, मधुकरने पंखा बोटाने मारला. पहिल्या झटक्यात नाही, दुसऱ्यात नाही. मग ते पेटलं. आमच्या कोंबड्या एका दमात कुंपणापलीकडे गेल्या. निळा-पांढरा धूर सगळ्या आळीभर. पाहता पाहता अंगण माणसांनी भरलं. कोणी कान दाबून, कोणी तोंड उघडं टाकून. कोणी ओरडलं, "अरे गा मधू, पीठ दळाले आनू का?" त्या गर्दीत सासूबाई नव्हत्या. त्या पाठच्या दाराने शेतावर निघून गेल्या होत्या. संध्याकाळी आल्या आणि अंगणातली तेलकट माती खराट्याने झाडून काढली. मी खराटा मागितला, त्यांनी दिला नाही.

उशिरा पिकणाऱ्या भारी धानाची कापणी त्या साली लांबली होती, अजून व्हायची होती. आमची एक बांधी आखराला लागूनच. त्या दिवशी गावात मळणी नव्हती, मी आदल्या दिवशी फिरून विचारून आले होते. गुरं चारायला गेली. आखर मोकळं झालं. एका बाजूला आम्ही दोघं आणि विमान, धुऱ्यापलीकडे आमचाच धान, आणि त्यात ओळीने वाकलेल्या बाया. सासूबाई, कौसाबाई, आणखी काही जणी. प्रत्येकीची पात ठरलेली. कडेपासून सुरू करायचं आणि सरळ रेषेत आत जात राहायचं. पिकलेल्या उभ्या धानात मध्येच कोणी शिरत नाही. पाय लागला की दाणे झडतात. आमच्याकडे हे लहान पोरालाही शिकवावं लागत नाही.

मी शेपटी धरली. मधुकरने इंजिन सुरू केलं, मी सुई आवळत आवळत त्या आवाजाची धार शोधली. एक क्षण असा येतो की गोंधळ संपतो आणि इंजिन एकच स्वच्छ सूर धरतं. तो सूर आला. मी सोडलं.

विमान आखरावरून धावलं, उठलं, आणि धानावरून गेलं. बायांच्या पाठी एकेक करून सरळ झाल्या. त्या आवाजात वाकून राहणं शक्यच नव्हतं. मधुकरने मोठं वळण घेतलं, मग उंची घेतली, मग एक पूर्ण गोल, आकाशात पाटीवर काढावा तसा. मग त्याने ते पाठीवर घातलं. पोट वर, चाकं आकाशाकडे. मी श्वास धरून ऐकत होते. सूर तुटला नाही. आमच्या डोक्यावरून ते उलटं गेलं, गावाच्या कौलांकडे गेलं, वळलं, तसंच उलटं परत आलं. कौसाबाई ओरडल्या, "अव, पालथं पडलं ना व ते! पालथंच चाललं!"

मधुकरला वेळेचं भान राहिलं नाही. मला राहायला हवं होतं, पण मीही वर पाहत होते. टाकी संपली. सूर एकदम कापला गेला आणि सगळ्या शिवारावर शांतता पसरली. आखर दूर होतं. मधुकरने नाक खाली धरून जमेल तेवढं आणलं, पण विमान धुऱ्याच्या अलीकडे पोचलं नाही. आमच्याच बांधीच्या मधोमध, उभ्या धानात, ते अलगद बुडालं. फक्त शेपटीचा लाल तुकडा लोंब्यांवर दिसत राहिला.

मधुकर धुऱ्यापर्यंत धावत गेला आणि तिथे थांबला. पिकात पाय घालायला त्याचाही जीव होईना. बाया सासूबाईंकडे पाहत होत्या. शेत त्यांचं, धान त्यांचा, पोरगा त्यांचा. मला वाटलं, आता जे काय साठलंय ते सगळं बाहेर पडेल.

सासूबाईंनी लुगड्याचा काष्टा खोचला. आपली पात सोडली. आणि बांधीच्या आडव्या बाजूने, विमानाच्या रोखाने, कापायला सुरुवात केली. सप सप सप. उजव्या-डाव्या बाजूला कडपे पडत गेले, आणि उभ्या धानात एक वाट उघडत गेली. कापणीची अशी आडवी रेघ त्या गावाने कधी पाहिली नसेल. कोणाला मदतीला बोलावलं नाही, मागे वळून पाहिलं नाही. पोचल्या, विळा कमरेला खोचला, आणि वाकून विमानाकडे हात नेला.

"माय, पुढून धरू नका!" मी ओरडले. "इंजिन गरम हाय!"

त्यांनी हात मागे घेतला. मग पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, विमान मधोमध पंखाखाली धरून उचललं आणि धानाचा भारा घ्यावा तसं डोक्यावर घेतलं. दोन्ही पंख दोन्ही बाजूंना पसरलेले. नाक पुढे. आपण कापलेल्या वाटेने त्या चालत बाहेर आल्या. धुऱ्यावर चढल्या. तिथून आखराकडे वळायचं सोडून गावाकडे वळल्या, जिकडे आवाज ऐकून अर्धा गाव रस्त्यावर येऊन उभा होता.

"काय व," कौसाबाईंनी मागून हाक मारली, "कुकडे चालली ते घेऊन?"

सासूबाई थांबल्या नाहीत. डोक्यावर ओझं असलेल्या बाईसारखी मान ताठ ठेवून, वळून न पाहता, मोठ्याने म्हणाल्या,

"घरी. आमचं हाय."